दिवेलागणीनंतरची रेघ

कृत्रिम उपग्रह संध्याकाळी दिसतो तो उन्हामुळे. जमिनीवर दिवेलागण झालेली असते, पण चारशे किलोमीटर उंचीवर सूर्य अजून मावळलेला नसतो. तिथले ऊन उपग्रहाच्या पत्र्यावर आणि सौरपट्ट्यांवर पडून खाली येते आणि एक ठिपका न लुकलुकता, आवाज न करता ताऱ्यांमधून सरकत जातो. लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे दिसले तर ते विमान. ठिपका ठरावीक अंतराने उजळत आणि मंदावत असेल, तर बहुधा ते गोल गोल कोलांट्या खाणारे रॉकेटचे रिकामे नळकांडे असते.

फोटोसाठी खाली अंधार आणि वर ऊन, दोन्ही एकाच वेळी हवे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य मावळल्यावर तासाला साधारण १४ अंश या वेगाने क्षितिजाखाली उतरतो. तो ६ अंश खाली गेला, म्हणजे सूर्यास्ताला सुमारे पंचवीस मिनिटे झाली, की ठळक तारे दिसू लागतात. तो २० अंश खाली गेला की चारशे किलोमीटरवरची डोक्यावरची जागाही पृथ्वीच्या सावलीत जाते. हा सगळा अवधी जेमतेम तासाभराचा. युरोपात ऐन उन्हाळ्यात हेच ऊन रात्रभर पुरते. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर आटोपतो आणि पावसाळ्याचे चार महिने तर आकाशच मिळत नाही. दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात भरवशाचे.

सुरुवात करायला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकासारखा दुसरा विषय नाही. पंखांसकट १०९ मीटर लांबीचे हे स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जाते आणि दीड तासात पृथ्वीला फेरी मारते. चांगल्या फेरीत ते व्याधापेक्षाही तेजस्वी असते. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे, पण नेहमी पश्चिमेच्या अंगाने उगवून पूर्वेच्या अंगाला जाते. सलग काही दिवस संध्याकाळच्या फेऱ्या मिळतात, मग ते पहाटेकडे सरकते. वेळ आणि दिशा ‘हेवन्स-अबव्ह’ या संकेतस्थळावर किंवा ‘नासा’च्या ‘स्पॉट द स्टेशन’ सेवेत मिळते. आठवड्यापूर्वी पाहून ठेवलेल्या वेळेवर मात्र विसंबू नये. त्या उंचीवरही विरळ हवेचे घर्षण असते, शिवाय स्थानक अधूनमधून इंजिने चालवून वर ढकलले जाते. त्यामुळे त्या दिवशीचेच गणित पाहावे.

कॅमेऱ्यापाशी आल्यावर पहिली चूक ठरलेली असते. रेघ फिकट आली म्हणून शटर आणखी वेळ उघडे ठेवले जाते. ताऱ्याच्या बाबतीत हे चालते, कारण तारा जवळजवळ जागच्या जागी असतो. उपग्रह थांबतच नाही. डोक्यावरून जाताना स्थानक सेकंदाला साधारण एक अंश सरकते. फुलफ्रेम कॅमेरा आणि २४ मिलिमीटरची लेन्स धरली, तर सेन्सरवर ते सेकंदाला सुमारे ७५ पिक्सेल ओलांडते. म्हणजे एकेका पिक्सेलच्या वाट्याला त्याचा प्रकाश सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापुरताच येतो, मग शटर पाच सेकंद उघडे असो की पाच मिनिटे. रेघेची लांबी वाढते, तेज तेवढेच राहते. वाढतो तो मागच्या आकाशाचा उजेड, आणि पुण्या-मुंबईत तो एवढा वाढतो की रेघ त्यात बुडून जाते. रेघ उजळायची असेल तर अ‍ॅपर्चर मोठे करावे किंवा आयएसओ वाढवावा, त्याला दुसरा मार्ग नाही.

शहरातून काढायचे असेल तर एकच लांब एक्स्पोजर घेण्याऐवजी पाच ते दहा सेकंदांच्या फ्रेम लागोपाठ घेऊन संगणकावर एकत्र कराव्यात. गावाबाहेर, अंधाऱ्या जागी, तीस सेकंदही चालतात. ट्रायपॉड, रिमोट आणि एफ २.८ च्या आसपासची रुंद लेन्स असली की पुरे. आयएसओ ४०० पासून वर जावे. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर स्क्रीन मोठी करून हाताने लावावा आणि मग त्या कड्याला हात लावू नये. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन ही सोय आठवणीने बंद करावी. ती चालू असली की दहा सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी दहा सेकंद शटर मिटून बसतो आणि रेघ अर्धी गायब होते. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलवरही प्रो मोडमध्ये हे जमते, फक्त फोन घट्ट बसवायला हवा.

सगळ्यात देखणा भाग रेघेच्या शेवटी असतो. पूर्वेकडे जाता जाता स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरते. शिरण्याआधीच्या काही सेकंदांत त्याच्यावर पडणारे ऊन पृथ्वीच्या वातावरणातून गाळून आलेले असते, म्हणजे तिथे त्या वेळी सूर्यास्त चाललेला असतो. डोळ्यांना ठिपका नुसता विझल्यासारखा वाटतो. फोटोत मात्र पांढऱ्या रेघेचे टोक आधी पिवळसर, मग तांबूस होत निमुळते होते. फ्रेम ठरवताना हे टोक कापले जाऊ नये. अनेक जण स्थानक उगवते त्या पश्चिमेकडची रेघ पकडून समाधान मानतात आणि हा सूर्यास्त हुकवतात.

आता घड्याळाकडे. फोटो काढणाऱ्यांमध्ये सर्वांत दुर्लक्षित तेच असते. वरच्याच हिशेबात एका पिक्सेलमध्ये कक्षेवरचे साधारण शंभर मीटर मावतात, म्हणजे जवळजवळ अख्खे स्थानक. मागच्या ताऱ्यांच्या आधाराने रेघेची टोके इतक्या बारकाईने मोजता येतात. पण कॅमेऱ्याचे घड्याळ एका सेकंदाने चुकले, तर उपग्रहाची जागा साडेसात किलोमीटरने चुकते. लेन्सने कमावलेले घड्याळाने घालवले, असा हा प्रकार. वेळेची पक्की नोंद असलेली फिकट रेघ ही नोंद नसलेल्या सुंदर रेघेपेक्षा मोलाची असते.

अवकाशयुगाच्या आरंभीच हे ओळखले गेले होते. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुतनिक गेल्यानंतर अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेने फ्रेड व्हिपल यांच्या पुढाकाराने जगभर बारा बेकर-नन कॅमेरे बसवले. त्यातला एक नैनितालला होता. या कॅमेऱ्यांच्या फिल्मवर आकाशासोबत घड्याळाची वेळही उमटत असे.

हौशी निरीक्षकांनी तोच शिरस्ता चालवला. ऑगस्ट २०१९ मध्ये इराणच्या प्रक्षेपण केंद्रावरील अपघाताचे अतिशय सुस्पष्ट छायाचित्र तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवर टाकले. त्यातल्या सावल्या आणि कोन तपासून ते ‘यूएसए २२४’ या हेरगिरी उपग्रहाने टिपल्याचे नेदरलँड्सचे मार्को लँगब्रोक आणि इतर हौशी अभ्यासकांनी दाखवून दिले. त्या उपग्रहाची कक्षा अमेरिका जाहीर करत नाही. अभ्यासकांना ती ठाऊक होती, कारण जगभरचे हौशी निरीक्षक अशा उपग्रहांचे वेध वर्षानुवर्षे वेळेसकट नोंदवत आले आहेत.

मे २०१९ पासून आकाशात ‘स्टारलिंक’ची भर पडली. प्रक्षेपणानंतरचे काही दिवस हे उपग्रह रांगेने जातात आणि आगगाडीच्या डब्यांसारखे दिसतात. पुढे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास जाऊन पांगतात. आता त्यांची संख्या सात हजारांच्या पुढे गेली आहे. फोटोग्राफरला रांग हवीशी वाटते, पण अंधुक दीर्घिका शोधणाऱ्या दुर्बिणींच्या प्रतिमांवर त्याच रेघा ओरखडे काढतात, आणि संधिप्रकाशातल्या निरीक्षणांना त्यांचा त्रास सर्वांत जास्त होतो. आकाश सर्वांचे असताना ते मोजक्या कंपन्यांच्या वेळापत्रकावर सोडणे योग्य नाही. उपग्रह किती उजळ असावेत यावर बंधनकारक आंतरराष्ट्रीय मर्यादा हवीच.

नोंदीची गरज महाराष्ट्राने स्वतः अनुभवली आहे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि खानदेशातल्या लोकांनी जळते तुकडे आकाशातून जाताना मोबाइलवर टिपले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले, आणि ते सांगता आले कारण जळते तुकडे दिसल्याची वेळ आणि दिशा त्या रॉकेटच्या कक्षेशी जुळत होती.

असे दृश्य कॅमेऱ्यात सापडले तर मूळ फाइल तशीच जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि त्यातली वेळेची व जागेची माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवून घ्यावे, आणि परतल्यावर जागेचे अक्षांश-रेखांश, लेन्स आणि पहिल्या व शेवटच्या फ्रेमची वेळ त्याच रात्री वहीत लिहून ठेवावी.