सरकारी वकिलांचा संघ कोणाचा?

चोराला शिक्षा होऊं नये असें आम्हीं कधींच म्हटलें नाहीं. ज्याच्या खळ्यावरून रात्रीं धान्य जातें, त्याला चोरीचें दुःख शिकवावयास नको. परंतु श्रीमंतांच्या गोल्फच्या खेळांतील तीन काठ्या चोरल्या म्हणून निदान २५ वर्षें व पुढें जन्मभर तुरुंग, हा न्याय कसला?

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत १९९४ सालीं असा कायदा झाला कीं, ज्याचे दोन भारी गुन्हे पूर्वीं शाबीत झाले आहेत, त्याचा तिसरा गुन्हा किरकोळ चोरीचा असला तरी ही शिक्षा व्हावी. काठ्यांची शिक्षा तेथील सुप्रीम कोर्टानें २००३ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं कायम केली. २०१२ सालीं हा कायदा सौम्य करण्याचा ठराव लोकांच्या मतास पडला, तेव्हां जिल्हा सरकारी वकिलांचा संघ आडवा आला. गंमत अशी कीं, लॉस एंजेलिसचे जिल्हा वकील स्टीव्ह कूली स्वतः ठरावाच्या बाजूनें उभे राहिले. मग संघ बोलला तो कोणाच्या तोंडानें? शेंकडा सुमारे ६९ मतदारांनीं ठराव पास केला. हजारांवर कैदी सुटले.

संघाचा अनुभव खोटा आहे असें नाहीं. पण त्यांत त्याचा स्वार्थही आहे. त्या देशांत शिक्षा होणाऱ्या दहांपैकीं नऊंहून अधिक आरोपी चौकशी पुरी न होतांच तडजोडीनें गुन्हा कबूल करतात. बैलाला चाबूक नुसता दाखविला तरी तो चालूं लागतो. मोठ्या शिक्षेचा धाक दाखविला कीं गरीब आरोपी लहान शिक्षा मुकाट्यानें पत्करतो. कायदा सौम्य झाला कीं हा चाबूक आंखूड होतो. (तिकडे जिल्हा वकील बहुतेक ठिकाणीं मतांनीं निवडून येतो, आमच्याकडे नेमला जातो.)

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० सालीं लॉस एंजेलिसचे नवे जिल्हा वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनीं, जुन्या गुन्ह्यांवरून शिक्षा वाढवून मागूं नका, असा हुकूम काढला. त्यांच्याच हाताखालच्या वकिलांच्या संघानें कोर्टांत धांव घेतली, आणि अपील कोर्टानें २०२२ सालीं संघाचें म्हणणें बऱ्याच अंशीं मान्य केलें. २०२४ सालीं मतदारांनींही गॅस्कॉनना पाडलें. लोकांनीं केलेला कायदा एका अंमलदाराच्या हुकुमानें बाजूस सारतां येत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. म्हणूनच कायदा करतांना कौन्सिलानें संघास बोलवावें, त्याच बांकावर तुरुंग भोगून आलेल्यास व ज्याच्या घरीं चोरी झाली त्यासही बसवावें, आणि संघांतील किती वकील कोणत्या बाजूचे आहेत हें मोजून घ्यावें.