जिजाऊंचे नाव आणि बदल्यांचे राज्य

महिला व बालविकास खात्यात नेमणूक झाली म्हणून मंत्रालयात पेढे वाटल्याचे कोणी ऐकले आहे काय? महसूल, नगरविकास, गृह ही खाती ‘वजनदार’. ज्या खात्याचा संबंध प्रत्यक्ष बालकांच्या वजनाशी, ते मात्र हलके! तेथे धाडला गेलेला अधिकारी पहिल्या दिवसापासून पुढच्या नेमणुकीकडे डोळे लावून बसतो, आणि शासनही त्याची फार काळ निराशा करीत नाही. या पार्श्वभूमीवर व्ही. रमणी या सनदी अधिकाऱ्याच्या कारकिर्दीचे स्मरण करणे आवश्यक आहे. ते व्यक्तिपूजेसाठी नव्हे. त्या कारकिर्दीनंतर महाराष्ट्राने काय गमावले, याचा जाब मागण्यासाठी.

२००१ साली तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील एका गावात कुपोषणाशी निगडित बालमृत्यू झाले. अशा वेळी शासनयंत्रणेचा ठरलेला विधी असतो. चौकशी, खुलासा, एखाद्या अंगणवाडी सेविकेला नोटीस आणि मग विस्मरण. त्या वेळी रमणी विभागीय आयुक्त होते. महसुली कामाचा डोंगर समोर असताना त्यांनी या विषयाकडे पाठ फिरवली असती, तरी त्यांना कोणी विचारले नसते. परंतु २००२ पासून त्यांनी मराठवाड्यात अंगणवाडी आणि आरोग्य या दोन यंत्रणांना एकत्र जुंपले. एका खात्याचे बालक दुसऱ्या खात्याला दिसत नाही, हा आपल्या प्रशासनाचा जुना दृष्टिदोष. अंगणवाडीत मूल खंगत असते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याची वार्ताही नसते.

या कामातील खरी अडचण पैशांची नसून नोंदवहीची आहे. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे बालक नोंदवले की वरून कारणे दाखवा नोटीस येणार, ही भीती असेल तर कोणती सेविका खरे वजन लिहील? मूल कागदावर सुधारते आणि घरी खंगत राहते. म्हणून खरे वजन लिहिणाऱ्याला अभय देणे, ही या लढाईची पहिली पायरी ठरते.

मराठवाड्यातील या प्रयोगातूनच २००५ साली ‘राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन’ उभे राहिले. रमणी त्याचे पहिले महासंचालक झाले. मुख्यालय मुंबईत न ठेवता औरंगाबादेत ठेवले. आरंभ ठाणे, नाशिक, नंदुरबार, अमरावती आणि गडचिरोली या आदिवासीबहुल जिल्ह्यांपासून झाला. मिशनचा स्वतःचा कर्मचारीवर्ग तुटपुंजा होता; योजनांचा पैसा आणि माणसे मूळ खात्यांकडेच होती. तरीही रिकामी पदे भरण्याचा आग्रह धरला गेला. गावपातळीवर ग्राम बाल विकास केंद्र, त्यावर बाल उपचार केंद्र आणि त्याहून गंभीर बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्र अशी उतरंड रचली गेली. गावातल्याच अंगणवाडीत दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाऊ घालायचे, डॉक्टरांनी तपासायचे, आईला शिकवायचे. रोजंदारी बुडवून जिल्ह्याच्या रुग्णालयात जाणे जिला शक्य नाही, त्या आईची ही सोय होती. २०११ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात वंदना कृष्णा यांच्या नेतृत्वाखाली गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर भर देण्यात आला.

फळ काय मिळाले? दोन वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते २४ टक्क्यांच्या आत आले. उत्पन्न वाढले, माता शिकल्या, विवाहाचे वय वाढले, यांचाही वाटा त्यात आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. सारे श्रेय एका मिशनला देणे हा भाबडेपणा होईल. परंतु उत्पन्न तर त्यानंतरही वाढतच राहिले. मग पुढे काय झाले, याचे उत्तर कोण देणार?

पाच वर्षांखालील सर्व बालके धरली, तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खुरटलेल्यांचे प्रमाण ३४.४ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. म्हणजे घसरण थांबली, काटा किंचित उलटा फिरला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजे रोडावलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १६.५ टक्के होते. पुढील दोन्ही सर्वेक्षणांत ते २५.६ टक्के आढळले. आणि याच काळात, २०१५ नंतर, निधी आटल्यामुळे ग्राम बाल विकास केंद्रे बंद पडली होती! पावसाळा आला की मेळघाटात कॅमेरे येतात, पाऊस ओसरला की जातात. मेळघाटातील बालमृत्यूंवरच्या याचिका उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालतात. सरकारे बदलली, झेंड्यांचे रंग बदलले. या खात्याकडे पाहण्याची दृष्टी तेवढी बदलली नाही. रोज नवी योजना घोषित करण्याचा उत्साह सर्वांनाच आहे. जुनी योजना दहा वर्षे नेटाने चालविण्यात छायाचित्र निघत नाही, हीच काय ती अडचण.

२००२ ते २०१० या काळात रमणी या एकाच विषयाशी जोडलेले राहिले. आपल्याकडे हा अपवाद ठरतो, यातच सारे आले. ज्या २००५ साली मिशन स्थापन झाले, त्याच सालचा बदल्यांच्या विनियमनाचा कायदा आहे. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे, आणि मुदतीपूर्वी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवावीत, असे तो सांगतो. कायदा करणारे शासन तेच आणि त्यातून पळवाटा काढणारेही तेच. कार्यक्रमाला जिजाऊंचे नाव द्यायचे आणि तो चालविणाऱ्याला स्थिर बसू द्यायचे नाही, हा त्या नावाचा कोणता सन्मान? शिवबांना घडविण्याचे त्या मातेचे व्रत काही दीड वर्षाच्या नेमणुकीचे नव्हते.

येत्या अधिवेशनात आपापल्या आमदारांकरवी एक साधा प्रश्न विचारला जावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या आयुक्तपदावर गेल्या दहा वर्षांत किती अधिकारी आले, प्रत्येक जण किती महिने राहिला आणि मुदतीपूर्वीच्या प्रत्येक बदलीचे लेखी कारण काय? शिवाय आज आदिवासी तालुक्यांत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची आणि पर्यवेक्षिकांची किती पदे रिकामी आहेत? उत्तर तोंडी नको, तालुकानिहाय आकड्यांसह सभागृहाच्या पटलावर हवे.