गाडी बघायला आम्हीच जाणार

गेल्या पावसाळ्यात मंठा तालुक्यातल्या एका वस्तीवरून रात्री साडेदहाला फोन आला. पोरीला सासरच्यांनी लेकरासकट घराबाहेर काढलं होतं. आम्ही तिघी जालन्यात कार्यालयातच होतो, पण जायला गाडी नव्हती. ओळखीच्या एका जीपवाल्याच्या विनवण्या केल्या. तो बाराला निघाला आणि आम्ही दोनच्या सुमाराला पोचलो. तोवर ती मारुतीच्या पारावर लेकराला पदराखाली घेऊन भिजत बसली होती. पुढच्या बैठकीत पहिला ठराव गाडीचा झाला.

खरं सांगायचं तर आमच्याकडे एकदा गाडी होती. वर्गणी जमवून घेतलेली जुनी डिझेल इंडिका. ती कशी गेली हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगते, कारण ही चूक आमची एकट्यांची नसावी. कागदपत्रांची कटकट नको म्हणून ती आम्ही एका कार्यकर्तीच्या नवऱ्याच्या नावावर केली होती. गृहस्थ भला, मोर्चाला आमचे फलक वाहून नेणारा. गाडी बघायलाही तोच गेला, सौदाही त्यानेच केला. "ताई, तुम्ही कशाला उन्हात येता?" असं म्हणाला आणि आम्हालाही ते बरं वाटलं. दोन वर्षांनी आमची मैत्रीण त्याचा मार सोसवेना म्हणून घरातून निघाली. गाडी त्याच्या दारात राहिली. ठाण्यात गेलो तर कागद ज्याच्या नावावर त्याची गाडी, असं सरळ उत्तर मिळालं. वर ती बिचारी आमचीच माफी मागत राहिली!

सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण किती वर्षं बोलतो आहोत. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या काळात कितीतरी गावांतून बायकांच्या नावे जमिनी झाल्या. १९९४ साली राज्याने वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलार्जित मिळकतीत वाटा दिला. हे सगळं आम्ही शिबिरांतून तोंडपाठ सांगत होतो आणि स्वतःच्या वर्गणीची गाडी मात्र एका पुरुषाच्या नावावर करून मोकळ्या झालो होतो. घराची, जमिनीची मालकी आपल्याला कळते. यंत्राची मालकी अजून आपल्याला आपली वाटत नाही. बोनेट उघडलं की आपण दोन पावलं मागे सरतो. तिथून पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात जातं, कागदसुद्धा.

म्हणून या वेळी ठरवलं, गाडी बघायला बायकाच जातील. आधी दोघींनी आठ दिवस एका गॅरेजात रोज तासभर बसायचं. तिथले मेस्त्रीचाचा आधी हसले, मग त्यांनी मनापासून शिकवलं. त्यातलं जे उपयोगी पडलं ते इथे देते.

पहिला प्रश्न, डिझेलच का? चाचांनी हाच विचारला. गाडी महिन्यातून चार वेळा गावातल्या गावात फिरवायची असेल तर डिझेल घेऊ नका. डिझेल आणि पेट्रोलच्या भावात पूर्वीइतकी तफावत राहिलेली नाही, आणि डिझेलचा इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर वर्षभराची बचत एका बिलात जाते. आमचं फिरणं भोकरदन, अंबड, परतूर असं रोजचं, म्हणून आम्ही डिझेलकडे वळलो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणं बंद केलं, त्यामुळे बाजारात दिसणारी प्रत्येक डिझेल स्विफ्ट त्याआधीची आहे. स्विफ्ट, रिट्झ आणि इंडिका व्हिस्टा या तिन्हींत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट इंजिन येत असे, म्हणून त्याचे सुटे भाग आणि जाणकार मेस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतात. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं. फिगो चांगली असली तरी भागांची चौकशी आधी करा, आणि तिच्या १.४ डिझेल इंजिनाचा टायमिंगचा पट्टा कधी बदलला ते विचारा. तो तुटला तर मोठं काम निघतं.

गाडी बघायला सकाळी जायचं आणि आधी सांगून ठेवायचं, की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, काहीतरी झाकायचं होतं. एका ठिकाणी हात भाजला. मालक म्हणाला, "आत्ताच दूध आणायला गेलो होतो." आम्ही चहा घेऊन निघून आलो.

थंड इंजिन पटकन चालू व्हायला हवं. सुरुवातीला थोडा धूर चालतो. पण निळसर धूर सुरूच राहिला तर इंजिन ऑईल जाळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंजेक्टरची किंवा आत पाणी शिरल्याची शंका घ्यायची. जोर दिल्यावर काळा लोट निघत असेल तर हवा आणि डिझेलचा मेळ बिघडलाय. मग इंजिन चालू असतानाच ऑईलची पट्टी थोडी वर ओढायची. तिथून भकाभका वाफा येत असतील तर इंजिन आतून झिजलेलं आहे, भाव कितीही कमी असो. डिझेलचं ऑईल काळंच असतं, त्याला घाबरू नका. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र उठा. इंजिनातून साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल तर टायमिंग चेनबद्दल विचारा.

क्लच बघायला चढ हवा. वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी तितकी पळत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली.

आकडा किती किलोमीटरचा दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. त्यापेक्षा पायाखालच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंगची झीज बघा. पन्नास हजार सांगताहेत आणि रबर गुळगुळीत झालंय, असं कसं? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला झालेल्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. आपल्याकडे बऱ्याच डिझेल हॅचबॅक आधी टॅक्सीत चाललेल्या असतात. दाराचं रबर खाली ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके एकसारखे आहेत का पाहा. नसतील तर गाडी ठोकलेली आहे. सीटच्या पट्ट्यांखाली गंज आणि कुबट वास असेल तर ती पाण्यात उभी राहिलेली आहे.

हे सगळं बघत असताना प्रत्येक दारात एकच वाक्य ऐकलं, "सोबत कुणी भाऊ नाही आले का?" एकाने तर बोनेट उघडायलाच नकार दिला. माझ्यासोबतची कार्यकर्ती ऊसतोडीला बारा वर्षं गेलेली बाई. ती म्हणाली, "दादा, बैल घेताना आम्ही दात मोजतोच की!"

आता कागद. यातच आम्ही बुडालो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आरसी पुस्तकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणून २०१२ ची गाडी घेताना उरलेली वर्षं मोजा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयाचे निर्बंध आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे दिसतात. त्यांना तिथलं ना-हरकत पत्र लागतं आणि इथला कर वेगळा भरावा लागतो, मग ती स्वस्त राहत नाही.

सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन "नंतर करू" म्हणणाऱ्या दलालाला नाही म्हणा. नाव न बदलता गाडी वापरणं दोघांच्याही अंगाशी येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, गाडी मधे कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणजे उद्या आपण गाडी विकली तरी नाव बदलेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. विमाही आपल्या नावावर करून घ्या.

नोंदणीकृत संस्था असेल तर गाडी संस्थेच्या नावावरच घ्या. ठराव, नोंदणीचं प्रमाणपत्र आणि पॅन तयार ठेवा. बचत गट नोंदलेला नसेल तर गटातल्या एखाद्या बाईच्या नावावर घ्या आणि पैसे कुणाचे, गाडी कुणाची, ती गट सोडून गेली तर काय, हे सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवा. मैत्रिणीवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. आमच्या मैत्रिणीवर आमचा पूर्ण विश्वास होता, तरी गाडी गेली.

गाडीचा खर्च कशाला, गरजेपुरती भाड्याने घ्या, असं बैठकीत दोघीतिघी म्हणाल्या. हिशेबाने कदाचित त्या बरोबरही असतील. पण भाड्याची गाडी रात्री साडेदहाला मिळत नाही, आणि ड्रायव्हर गावातलाच असला तर आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचते.

सहाव्या खेपेला २०१४ ची एक स्विफ्ट पसंत पडली. सौदा दोन लाख साठ हजारांवर ठरला, त्यातले वीस हजार नाव बदलेपर्यंत राखून ठेवले. महिन्याभराने आरसी आली, मालकाच्या रकान्यात संघटनेचं नाव. सध्या चालवणारी एकच आहे. ऊसतोडीला जाणारी आमची कार्यकर्ती शिकते आहे. क्लचवरून पाय काढत नाही म्हणून चाचा रोज तिच्यावर ओरडतात.