आईला पाच मिनिटं बाहेर बसवा

दहावीतली मुलगी महिन्याभरात तिसऱ्यांदा पोटदुखी घेऊन येते. सोनोग्राफी नॉर्मल, हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईडही ठीक. 'कधीपासून दुखतंय?' आपण तिला विचारतो, उत्तर आई देते. 'झोप लागते का?' त्याचंही उत्तर आईच देते. मग 'परीक्षेचं टेन्शन' म्हणून आपण टॉनिक लिहितो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतो.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. म्हणजे साठ जणांच्या वर्गात चार तरी मुलं. मनोविकारतज्ज्ञांपर्यंत त्यातली थोडीच पोचतात. बाकीची सर्दी-खोकल्याच्या रांगेत आपल्याच बाकावर बसलेली असतात.

या वयातलं नैराश्य रडवेलं असेलच असं नाही. पुष्कळदा ते चिडकं असतं. मुलगा 'उदास वाटतंय' म्हणत नाही, 'मूड नाही' म्हणतो, आणि घरच्यांच्या लेखी तो उद्धट ठरतो. वयाचा लहरीपणा येतो-जातो. पण दोन आठवडे रोज तेच, झोप-भूक बिघडलेली, खेळ सुटलेला, मित्र दुरावलेले असतील, तर 'वयच तसं' म्हणून सोडू नका. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट दिसला, तर बीपी घेताना हाताकडे नीट बघा.

म्हणून आग्रह एकच: पालकांना पाच मिनिटं बाहेर बसवा. मुलाला आधीच सांगा, 'तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका वाटला किंवा कुणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर मला सांगावं लागेल.' मग सरळ विचारा, 'मरून जावं असं मनात येतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

उत्तर 'हो' आलं, तर झोपेची गोळी देऊन घरी पाठवू नका. पालकांना आत घ्या. घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवायला आणि मुलाला एकटं न सोडायला सांगा. तज्ज्ञांना त्याच दिवशी स्वतः फोन करा. जवळपास तज्ज्ञ नसतील, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

संध्याकाळच्या गर्दीत पाच मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. त्या मुलीच्या चौथ्या, पाचव्या खेपेचा वेळ मोजून पाहा. आणि ती यायचीच थांबली, तर पोट दुखायचं राहिलं असं गृहीत धरू नका.