राखणीची बंदूक आणि शासनाची जबाबदारी

राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेले कोंडाणे बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते तेथील प्राचीन बौद्ध लेण्यांमुळे. पावसाळ्यात मुंबई-पुण्याचे पर्यटक येतात आणि संध्याकाळी परततात. डोंगरउतारावर शेती करणाऱ्याची रात्र मात्र भात पोटरीवर आले की बांधावर जाते. रानडुकरांचा एक कळप वर्षाची मेहनत एका रात्रीत लोळवून टाकतो. म्हणूनच कोकणच्या डोंगरपट्ट्यात ठासणीची बंदूक ही चैनीची वस्तू नव्हे, तर राखणीचे अवजार मानली गेली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही पीकसंरक्षणासाठी अशी बंदूक मागणाऱ्या नागरिकाची वेगळी दखल कलम १३ मध्ये घेतली आहे.

परंतु कोणत्याही अवजाराला शिक्षण लागते. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेती जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांच्या गोळीला त्यांचाच सोबती बळी पडला आणि भीतीपोटी ही घटना काही दिवस दडवली गेली. सोबत्यालाच रानडुक्कर समजून चाप ओढला गेला, एवढेच त्यामागचे कारण. अशा मृत्यूला नशीब म्हणणे ही आत्मवंचना आहे. तो अज्ञानाचा बळी असतो, आणि अज्ञान दूर करणे हे समाजाचे काम आहे.

नव्याने बंदूक हाती घेणाऱ्याने चार गोष्टी अंगवळणी पाडल्या पाहिजेत. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे समजावे. नळी कधीही माणसाच्या दिशेने धरू नये. बार टाकण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आणि निशाणा काय आहे व त्याच्या मागे काय आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बार टाकू नये. रात्रीच्या राखणीत चांगली विजेरी ही दारूइतकीच आवश्यक आहे, ती यासाठीच. सोबत्यांनी कोण कोठे बसणार हे आधी ठरवावे, जागा सोडताना हाक द्यावी आणि उठून दिसणारे कपडे घालावेत.

ठासणीच्या बंदुकीचा धोका आणखी वेगळा आहे. काडतुसाची बंदूक क्षणात रिकामी करता येते. ठासलेली दारू सहज बाहेर निघत नाही. म्हणून ती भरलेल्या अवस्थेतच घरात खुंटीला टांगण्याची सवय लागते आणि पुढे ती मुलांच्या हाती पडते. उपाय साधा आहे. बंदूक घरात कधी भरू नये, आणि ठिणगी पाडणारी टोपी बार टाकण्याच्या वेळीच बसवावी. गजावर खूण करून ठेवली, तर नळी भरलेली आहे की रिकामी, हे तत्काळ कळते आणि दुप्पट दारू ठासली जाण्याचा प्रसंग टळतो. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर तरी थांबावे. बारानंतर लगेच दारूच्या डब्यातून नळीत दारू ओतू नये; आत निखारा शिल्लक असू शकतो. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत काडतुसातील बिनधुराची दारू घालणे म्हणजे नळी फोडून घेणे होय.

आवश्यक साहित्याची यादी मोठी नाही. बंदुकीसाठी कुलुपाची पेटी. दारू, टोप्या व छर्रे यांसाठी चुलीपासून दूर दुसरी कुलुपाची पेटी. डोळ्यांसाठी चष्मा, कानांसाठी बोळे. साफसफाईसाठी गज, चिंध्या आणि तेल. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि कोकणच्या दमट हवेत नळी लवकर गंजते. म्हणून ती गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलवावी. स्वच्छ पट्ट्या जवळ असाव्यात, आणि अपघात घडल्यास तो न दडवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा लागू होतो, आणि रानडुकराला मारण्यासाठी वन खात्याची परवानगी लागते. वडील वारले म्हणून त्यांची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. एरवी प्रामाणिक शेतकरी केवळ माहितीअभावी गुन्हेगार ठरतो.

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. वन्यप्राण्यांचे रक्षण हे साऱ्या समाजाचे हित आहे. पण त्याची किंमत जंगलाकाठच्या अल्पभूधारकाने पिकाने, झोपेने आणि प्रसंगी जिवाने मोजायची, हा कोणता न्याय? २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते प्रशिक्षण कोंडाण्याच्या शेतकऱ्याला अलिबागच्या खेपा न घालता कर्जतमध्ये, मराठीतून आणि विनामूल्य मिळाले पाहिजे. जुन्या बंदुकांची तपासणी गावात व्हावी आणि पीकनुकसानीची भरपाई हंगामातच हाती पडावी. भरपाई वेळेवर मिळाली आणि सामुदायिक कुंपणे उभी राहिली, तर बंदुकीची गरजच कमी होईल. खरी सुरक्षितता तीच.

कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसू नये. भात पोटरीवर येण्यापूर्वी वाडीवाडीत एक बैठक घ्यावी, वारसांचे अर्ज भरून द्यावेत आणि या मागण्या ग्रामसभेच्या ठरावात आणाव्यात. राखणीला गेलेला माणूस सकाळी धडधाकट घरी परतणे, ही मागणी फार मोठी नाही.