कारचा एसी बंद पडला? गॅस भरण्यापूर्वी हे तपासा

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यातच सुट्टी आणि लग्नसराई असल्याने अनेक मराठी कुटुंबे कारने नागपूरला निघतात. जवळपास २९० किलोमीटरच्या या वाटेवर मागे आजी-आजोबा आणि मुले बसलेली असताना एसीतून गरम हवा येऊ लागली तर? बरेच जण लगेच गॅस भरून घेतात. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. एका उन्हाळ्यातच तो संपला, तर कुठेतरी गळती आहे. म्हणून आधी हे तपासा.

हवाच येत नाही?

ब्लोअरचा फ्यूज उडालेला असू शकतो. फ्यूज कुठे आहे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ब्लोअर फक्त सर्वात जोरात चालत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर खराब झालेला असतो. हवा कमी येत असेल, तर केबिन फिल्टर पाहा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि धुळीने भरून जातो.

हवा येते, पण थंड नाही?

धावत्या गाडीत थंड आणि सिग्नलवर गरम हवा येत असेल, तर रेडिएटरचा पंखा तपासून घ्या. पंख्याजवळ हात नेऊ नका, तो अचानक सुरू होतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरवर माती, किडे बसले की थंडावा कमी होतो. इंजिन गार झाल्यावर तो हलक्या पाण्याने धुवा. जोरदार फवाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

इंजिनाचा काटा वर चढत असेल, तर एसी बंद करून गाडी सावलीत थांबवा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

‘‘गळती कुठे आहे?’’ हा पहिला प्रश्न. गळती दुरुस्त न करता भरलेला गॅस पुन्हा निघून जाईल आणि पैसे वाया जातील. गॅसचा प्रकार व ग्रॅममधले प्रमाण बहुधा बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेले असते. जुन्या गाड्यांत आर-१३४ए, तर काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. गॅस वजन करूनच भरायला सांगा, कारण जास्त भरला तरी थंडावा कमी होतो.

तोपर्यंत घरच्यांना सांभाळा

एसी बंद पडल्यावर काचा खाली करा, थोड्या थोड्या वेळाने सर्वांना पाणी द्या आणि जमल्यास दुपारचे तास ढाब्यावर सावलीत काढा. गॅरेजमध्ये चौकशी करताना मुलांना किंवा वृद्धांना बंद गाडीत बसवून ठेवू नका. उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान १० मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढू शकते. कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध झाले, तर १०८ वर फोन करा, त्यांना सावलीत न्या आणि अंग ओले करून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रवासाच्या आठवडाभर आधी भर दुपारी अर्धा तास एसी लावून गाडी फिरवून पाहा. बिघाड असेल तर तो घराजवळच कळेल.