शेवटची चिठ्ठी

“भिशीत हिशेब कसला मागायचा? सारी आपलीच तर माणसे!” हे वाक्य आपल्या घरांतून वारंवार ऐकू येते. काही वर्षांपूर्वी मीही तेच म्हणालो होतो.

आमच्या शाळेत दहा जणांची भिशी होती. दरमहा प्रत्येकी एक हजार. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला दहा हजार. व्यवहार माझ्याकडे होता, पण वही नव्हती, सह्या नव्हत्या. तिसरी चिठ्ठी एका सहकाऱ्याची निघाली. लवकरच त्यांची बदली झाली आणि हप्ता थांबला. तेव्हापासून प्रत्येकाच्या हाती नऊच हजार पडू लागले. शेवटची चिठ्ठी आमच्या शिपायाची होती. घरात मुलीचे लग्न. नोटा मोजून तो इतकेच म्हणाला, “सर, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त होतो.” उणे पडलेले हजार मी त्याला दिले; ते शब्द मात्र अजून फिटलेले नाहीत.

वाचकहो, भिशीत पहिली चिठ्ठी उचलणारा हा ऋणको असतो आणि शेवटचा हा धनको. जोखीम सारी शेवटच्याच्या माथी. म्हणून नियम त्याच्या रक्षणासाठी हवेत. प्रत्येक हप्ता वहीत मांडावा व त्यापुढे सही घ्यावी. आरंभी रक्कम उचलणाऱ्याने सभासदांपैकीच एक जामीन द्यावा. चिठ्ठी सर्वांसमक्ष काढावी, आणि जमलेले पैसे त्याच बैठकीत ज्याचे त्याला द्यावेत. चालकाच्या कपाटात ते रात्रभरही राहू नयेत.

आमच्या बडोद्यात १८८९ साली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. देशातील आरंभीच्या सहकारी संस्थांत तिची गणना होते. पुढे तिची बँक झाली, आणि कालांतराने तीही बंद पडली. बँक बुडाली तर निदान ठेवविम्याचा आधार असतो. २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे. घरगुती भिशीला असा कोणताच आधार नाही. व्यवसाय म्हणून चिटफंड चालविणाऱ्याला १९८२ च्या कायद्यान्वये राज्य सरकारची पूर्वपरवानगी व नोंदणी लागते. अशा ठिकाणी नोंदणीचा दाखला पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये.

भिशी जरूर करावी; तिने शेजार जोडला जातो. मात्र बुडाले तरी चूल विझणार नाही, एवढेच पैसे तीत घालावेत. आणि वही मागणाऱ्यावर कोणी रुसू नये. वही हा अविश्वास नव्हे. शेवटची चिठ्ठी ज्याची, त्याला दिलेला तो शब्द आहे.